लुटुपुटूच्या हंगामाचा खरा हिशेब

संगणकावर फुटबॉल संघ चालवणारे अनेक लोक हंगाम संपला की एक काम मनापासून करतात. ते अडतीस सामन्यांचा गुणतक्ता समोर घेतात. प्रत्येक खेळाडूचे गोल, गोलसाठी दिलेले पास, मैदानावरची मिनिटे आणि सामन्यागणिक मिळालेले गुणांकन तपासतात. कोण अपेक्षेला उतरला, कोण उतरला नाही, पुढच्या हंगामात कोणाला ठेवायचे आणि कोणाला विकायचे, याचा आढावा लिहून काढतात. या उद्योगाविषयी एक मत सर्रास ऐकू येते : हा वेळेचा अपव्यय आहे. जो संघ कुठे नाही आणि जे सामने कधी झालेच नाहीत, त्यांच्या आकड्यांत शोधायचे काय? हे मत फक्त न खेळणाऱ्यांचे असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण रात्र-रात्र जागून हा खेळ खेळणारेही आढाव्याचा विषय निघाला की ‘शेवटी प्रोग्रामच तो’ म्हणून हात झटकतात.

मला हे मत मान्य नाही. आकड्यांवरून कामगिरीचा न्याय कसा करावा हे शिकायचे असेल, तर आभासी हंगामाचा आढावा हे त्याचे उत्तम साधन आहे. खऱ्या हंगामात जी परीक्षा कधीच घेता येत नाही, ती इथे घेता येते. हे सिद्ध करण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे.

ज्या खेळाविषयी बोलायचे त्याची ओळख थोडक्यात अशी. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज भावांनी तयार केलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ साली बाजारात आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाल्यावर जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि २००४पासून या मंडळींचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने येऊ लागला. यात बटणे दाबून चेंडू मारायचा नसतो. खेळणारा संघाचा व्यवस्थापक असतो. तो खेळाडू निवडतो, डावपेच ठरवतो, खरेदी-विक्री करतो. सामना प्रोग्राम खेळवतो. प्रत्येक खेळाडूचे पासिंग, वेग, चेंडू हिसकावण्याचे कसब अशा गुणांना १ ते २० अंक दिलेले असतात. त्याशिवाय एकूण क्षमता आणि भावी क्षमता हे दोन आकडे २००पैकी असतात, पण ते व्यवस्थापकाला दाखवले जात नाहीत. सातत्य, मोठ्या सामन्यातली हिंमत, दुखापतीची प्रवृत्ती हे गुणही झाकलेलेच असतात. या झाकलेल्या गुणांविषयी व्यवस्थापकाच्या हाती पडतात ते सामन्यांतून उमटलेले आकडे, आणि आढावा घ्यायचा तो त्यांचाच.

पूर्वपक्षाचे तीन आक्षेप आहेत. पहिला वर्तुळाचा : प्रोग्रामात आधी अंक भरले आणि नंतर तेच अंक गोलांच्या रूपाने बाहेर काढले, मग त्यांतून नवे ज्ञान कसे होणार? दुसरा यदृच्छेचा : जे भरलेल्या अंकांतून येत नाही ते यादृच्छिक संख्यांतून येते, म्हणजे नशिबातून, नशिबाचा आढावा काय घ्यायचा? तिसरा खोट्या भाकितांचा : या खेळाने ज्यांना महान ठरवले त्यांतले कित्येक प्रत्यक्षात पुढे आलेच नाहीत, तेव्हा त्याच्या आकड्यांवर विश्वास कशाला?

पहिले दोन आक्षेप एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. सारे काही भरलेल्या अंकांतच ठरलेले असेल तर नशिबाला जागा नाही, आणि सारे नशीबच असेल तर वर्तुळ पुरे होत नाही. दोन्ही आक्षेप एका दमात घेणारा माणूस नकळत कबूल करतो की हंगामाच्या आकड्यांत कर्तृत्व आणि यदृच्छा मिसळलेली असते. या मिश्रणातून दोन्ही वेगळे काढणे हेच तर संख्याशास्त्राचे मूळ काम. म्हणजे आढाव्याला विषय नाही असे म्हणता म्हणता पूर्वपक्षानेच विषय हाती दिला.

तरी प्रत्येक आक्षेपाचे स्वतंत्र उत्तर द्यायला हवे. वर्तुळाच्या आक्षेपाचे उत्तर इतिहासात आहे. १९४६ साली गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत असत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला गेले तर गणित आवाक्याबाहेर जाते. त्यांच्या मनात आले की डाव शंभर वेळा मांडून तो किती वेळा सुटतो हेच का मोजू नये? जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना लॉस अलामोसच्या अणुसंशोधनात वापरली, आणि १९४९ साली उलाम व निकोलस मेट्रोपोलिस यांचा ‘माँटे कार्लो पद्धती’वरचा निबंध प्रसिद्ध झाला. पत्त्यांचे नियम माणसानेच केलेले, बावन्न पानेही ठाऊक असलेली. तरीही त्यांच्या संयोगातून काय निघेल हे डाव मांडल्याशिवाय कळत नव्हते. नियम माहीत असणे आणि परिणाम माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बावीस खेळाडू, प्रत्येकाचे डझनावारी गुण, दोन संघांचे डावपेच, थकवा, दुखापती यांच्या परस्परक्रियेतून निघणारा हंगाम त्या खेळाच्या कर्त्यांनाही आधी सांगता येत नाही. शिवाय भरलेले कित्येक अंक आढावा घेणाऱ्याला दिसतच नाहीत. तो फळावरून झाडाचे अनुमान करतो, आणि अनुमान हे ज्ञानाचे प्रमाण आहे असे आपले न्यायशास्त्र केव्हापासून सांगत आले आहे.

यदृच्छेच्या आक्षेपाला अधिक वेळ द्यावा लागेल, कारण त्यातच या चर्चेचे मर्म आहे. आपण मराठी वाचक क्रिकेटच्या आकड्यांवर वाढलेले. आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांच्यासारख्या आकडेतज्ज्ञांनी मुंबईच्या क्रिकेटला नोंदींची शिस्त लावली, आणि फलंदाजाची सरासरी पाहून त्याची योग्यता जोखण्याची आपल्याला सवय लागली. क्रिकेटमध्ये ती सवय बऱ्याच अंशी चालते, कारण फलंदाज हंगामात शेकडो चेंडू खेळतो आणि धावाही शेकड्यांनी करतो. फुटबॉलमध्ये गोल दुर्मिळ असतो. जी घटना दुर्मिळ, तिच्या मोजणीत योगायोगाचा वाटा मोठा.

एक कल्पित हिशेब करून पाहू. एखादा आघाडीपटू हंगामात १०० फटके मारतो आणि प्रत्येक फटक्यावर गोल होण्याची शक्यता १५ टक्के आहे. त्याच्याकडून १५ गोलांची अपेक्षा ठेवणे रास्त. पण त्याच्या कौशल्यात तसूभरही फरक न पडता, निव्वळ योगायोगाने, साधारण दहा हंगामांतल्या एकात त्याचे गोल १० किंवा त्याहून कमी भरतील आणि दुसऱ्या एकात २० किंवा त्याहून जास्त. खेळाडू तोच. एका वर्षी त्याला ‘संपला’ म्हणतील, दुसऱ्या वर्षी त्याची किंमत दुप्पट करतील.

संघाचेही तसेच. समजा एका संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ४५ टक्के, बरोबरीची २५ आणि हरण्याची ३० आहे. अडतीस सामन्यांत त्याला सरासरीने ६१ गुण मिळतील. पण एकेका हंगामाचे पाहिले तर तीनपैकी दोन हंगाम ५३ ते ६९च्या दरम्यान पडतील आणि उरलेला एक त्याच्याही बाहेर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३–२४ साली चौथ्या क्रमांकाच्या अ‍ॅस्टन व्हिलाचे ६८ गुण होते आणि नवव्या क्रमांकाच्या वेस्ट हॅमचे ५२. ज्या अंतरावर प्रशिक्षकांच्या नोकऱ्या जातात, तेवढे अंतर नशीब एकटे निर्माण करू शकते.

पूर्वपक्ष म्हणेल, ‘हेच तर आम्ही सांगत होतो.’ पण हा दोष आभासी हंगामाचा नाही, फुटबॉलचाच आहे. एम. जे. मोरोनी यांनी १९५१च्या त्यांच्या पुस्तकात फुटबॉलच्या गोलांना संभाव्यतेचे गणित लावून दाखवले. एम. जे. माहेर यांनी १९८२ साली, आणि मार्क डिक्सन व स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ साली खऱ्या सामन्यांच्या निकालांची प्रतिमाने मांडली, आणि त्या सर्वांत यदृच्छा हा अविभाज्य घटक आहे. खऱ्या हंगामाच्या आढाव्याला जर अर्थ असेल, तर नशिबाचे कारण सांगून आभासी हंगामाचा आढावा फेटाळता येत नाही. ज्या हेतूने एक बाद करायचा तोच हेतू दुसऱ्यालाही बाद करतो. तार्किकांच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी ठरला.

उलट, खऱ्या हंगामाची एक असाध्य अडचण आहे : तो एकदाच होतो. लेस्टर सिटीचे उदाहरण घ्या. २०१५–१६च्या हंगामाआधी सट्टेवाल्यांनी या संघाच्या विजेतेपदावर एकास पाच हजार असा भाव दिला होता. क्लाउडिओ रानिएरी यांच्या या संघाने ८१ गुण मिळवून स्पर्धा जिंकली. जेमी वार्डीने २४ आणि रियाद महरेझने १७ गोल केले. पुढच्या हंगामात तोच क्लब ४४ गुणांवर बाराव्या स्थानी घसरला आणि रानिएरींना फेब्रुवारीतच जावे लागले. का? नशीब पहिल्या वर्षी भरभरून लाभले आणि दुसऱ्या वर्षी ओसरले म्हणून? की मधल्या फळीतला एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला म्हणून? कान्तेच्या नावावर लेस्टरच्या त्या हंगामात लीगमध्ये गोल होता अवघा एक, पण चेंडू हिसकावण्यात तो लीगमध्ये पहिला होता. तो गेला आणि चेल्सीने त्याच वर्षी ९३ गुणांसह विजेतेपद मिळवले. ही कान्तेची करणी म्हणावी, तर चेल्सीत त्याच वर्षी अंतोनियो कोंते हे नवे प्रशिक्षक आले होते, बचावफळी तीन जणांची झाली होती आणि युरोपीय सामन्यांचा भार नव्हता. कारणे एकमेकांत अशी गुंतली आहेत की ती सुटी करण्याचा मार्गच नाही. २०१६–१७चा हंगाम कान्तेला लेस्टरमध्ये ठेवून पुन्हा खेळवता येत नाही.

आभासी हंगाम मात्र पुन्हा खेळवता येतो. सुरुवातीची नोंद जपून ठेवावी, एकच गोष्ट बदलावी, बाकी सारे तसेच ठेवावे आणि हंगाम पुन्हा चालवावा. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये व्यवस्थापकाला रजेवर पाठवून हंगाम आपोआप पुढे सरकू देण्याची सोय आहे. वरच्या हिशेबातला संघ वीस वेळा खेळवला, तर सरासरी गुणांतली डळमळ आठांवरून दोनाच्या आत येते. मग एखाद्या खेळाडूच्या असण्या-नसण्याने पाच गुणांचा फरक पडत असेल, तर तो योगायोगातून वर उठून दिसू लागतो. यापुढची सोय तर त्याहून मोलाची आहे. खेळाबरोबर माहितीसाठा उघडून पाहण्याचे साधन मिळते, आणि त्यात खेळाडूंची झाकलेली क्षमता आकड्यांत दिसते. म्हणजे आधी फक्त हंगामाच्या आकड्यांवरून निवाडा लिहावा आणि मग तो तपासून पाहावा. आपला निवाडा किती वेळा बरोबर येतो आणि कोणत्या प्रकारच्या खेळाडूंबाबत हमखास चुकतो, हे जगातल्या कोणत्याही खऱ्या प्रशिक्षकाला कळत नाही, कारण खऱ्या खेळाडूच्या क्षमतेची उत्तरपत्रिका कोणाकडेच नसते. आभासी हंगामाचा आढावा घेणाऱ्याला ते कळते. माझ्या पक्षाचा मुख्य आधार हाच.

तिसरा आक्षेप खोट्या भाकितांचा. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’च्या २००१–०२च्या आवृत्तीत बेलारूसचा माक्सिम त्सिगाल्को गोलांचा पाऊस पाडत असे. प्रत्यक्षात दुखापतींमुळे त्याची कारकीर्द ऐन उमेदीत संपली आणि २०२०मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी त्याचे निधन झाले. मिलवॉल क्लबचा कोवळा चेर्नो सांबा खेळात जगज्जेता होता. खऱ्या मैदानावर त्याला ते यश मिळाले नाही. आणि टो मदेइरा नावाचा पोर्तुगीज गोलवीर तर या जगात नव्हताच. माहिती भरणाऱ्याने तो कल्पून घातला होता. ही उदाहरणे खरी आहेत. पण त्यांतून सिद्ध काय होते? भरलेले अंदाज चुकले, एवढेच. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या भवितव्याचा अंदाज लाखो खर्चणाऱ्या क्लबांचाही चुकतो. आढावा घेणारा असे विधान करतच नाही की त्सिगाल्को खऱ्या जगात महान होईल. त्याचे विधान असते की या आभासी संघात, या डावपेचांत, या हंगामात त्याने अपेक्षेपेक्षा किती जास्त दिले. त्या जगापुरते ते विधान खरे किंवा खोटे ठरवता येते. दोन जगांतली विधाने एकमेकांत मिसळून मग आढाव्याला दोष देणे म्हणजे वादाचा विषयच बदलणे होय.

इथे माझ्याच बाजूच्या एका दुबळ्या मंडनालाही निरोप दिला पाहिजे. या खेळाचे कैवारी नेहमी सांगतात की २००८मध्ये एव्हर्टन क्लबने खेळाचा माहितीसाठा वापरण्याचा करार केला, किंवा तरुणपणी हा खेळ खेळणारा विल स्टिल २०२२मध्ये फ्रान्सच्या रॅंस क्लबचा प्रशिक्षक झाला आणि लीगचे पहिले सतरा सामने हरला नाही. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून आढाव्याची थोरवी सिद्ध होत नाही. एव्हर्टनला हवी होती जगभरच्या निरीक्षकांनी जमवलेली माहिती, आभासी हंगामाचे निकाल नव्हेत. स्टिलने बेल्जियममध्ये चित्रफिती तपासण्याचे आणि साहाय्यक प्रशिक्षकाचे काम वर्षानुवर्षे केले होते. हा खेळ खेळणारे लाखो लोक प्रशिक्षक झाले नाहीत, हे विसरून एका यशस्वी माणसाकडे बोट दाखवणे हीच ती चूक, जी टाळायला चांगला आढावा शिकवतो.

आता मंडन. आढावा सार्थ आहे म्हणताना कोणताही आढावा सार्थ आहे असे मी म्हणत नाही. गोल मोजून आणि दहापैकीच्या गुणांकनाची सरासरी पाहून खेळाडू विकणारे पुष्कळ आहेत, आणि पूर्वपक्षाचा राग मुळात अशा आढाव्यांवर असेल तर तो रास्त आहे. या चुकीला फुटबॉलच्या इतिहासात मोठा वारसा आहे. ब्रिटिश हवाईदलातले हिशेब अधिकारी चार्ल्स रीप यांनी १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर सामन्याच्या चाली कागदावर टिपायला सुरुवात केली आणि पुढे हजारो सामने टिपले. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या निबंधातला निष्कर्ष पुढे गाजला : बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. त्यावरून लांब फटक्यांच्या खेळाचा पुरस्कार झाला आणि इंग्लिश फुटबॉलवर त्याचा दीर्घ परिणाम झाला. पण छेद पाहायचा राहून गेला. रीप यांच्याच नोंदींत ९० टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा कमी पासांच्या होत्या आणि त्यांतून गोल आले सुमारे ८० टक्के. म्हणजे उरलेल्या दहा टक्क्यांहून कमी लांब चालींनी सुमारे २० टक्के गोल दिले. दर चालीमागे पाहिले तर लांब चालीच सरस होत्या. २००५ साली माइक ह्यूज आणि इयान फ्रँक्स यांनी विश्वचषकाच्या सामन्यांवरून यशस्वी संघांबाबत हेच दाखवले.

म्हणून आढाव्याचा पहिला नियम : अंशाबरोबर छेद पाहा. ३,००० मिनिटांत १२ गोल करणारा दर ९० मिनिटांना ०.३६ गोल करतो. १,०५० मिनिटांत ७ गोल करणारा ०.६०. मात्र दुसऱ्याच्या सात गोलांवर लगेच भाळू नये, कारण नमुना लहान आहे. त्याला पुढच्या हंगामात जास्त मिनिटे द्यावीत, एवढेच त्यातून निघते.

दुसरा नियम : फळापेक्षा संधी पाहा. २०२१च्या आवृत्तीपासून या खेळात अपेक्षित गोलांचा आकडा मिळतो. प्रत्येक फटक्याची जागा व परिस्थिती पाहून तो गोल होण्याची शक्यता काढायची आणि त्यांची बेरीज करायची. गोल कमी पण अपेक्षित गोल भरपूर, असा आघाडीपटू विकायची घाई करू नये. उलट स्थितीतला खेळाडू किंमत चढलेली असताना विकावा.

तिसरा नियम : भूमिकेप्रमाणे तोला. गुणांकन गोल आणि गोलसाठीच्या पासांकडे झुकते; बचावाच्या पुढे उभा राहून जागा राखणारा त्यात मागे पडतो. त्याची तुलना आघाडीपटूशी न करता इतर संघांतल्या त्याच जागेवरच्या खेळाडूंशी करावी. कमी टॅकल (चेंडू हिसकावणे) म्हणजे वाईट बचावपटू असेही समजू नये, कारण जागा अचूक धरणाऱ्याला टॅकलची वेळच कमी येते. चेंडू सतत स्वतःकडे ठेवणाऱ्या संघात तर ती आणखी कमी येते.

चौथा नियम सचोटीचा : हरल्यावर जुनी नोंद उघडून सामना पुन्हा खेळणाऱ्याने आढावा लिहू नये. त्याने पराभव वेचून फेकले आहेत. उरलेले आकडे खोटी साक्ष देतील. याच कारणाने अपेक्षाही हंगामाआधी लिहून ठेवाव्यात. निकाल पाहून घडवलेली अपेक्षा नेहमीच पूर्ण होते.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मी निखालस मान्य करतो. प्रोग्रामातले फुटबॉल म्हणजे फुटबॉल नव्हे. तिथे यशस्वी ठरलेला डावपेच मुंबईच्या कूपरेजवर किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर चालेलच असे मुळीच नाही, आणि तसे समजणारा आढावा सोडून भाबडेपणाकडे गेला. आभासी हंगामातून खऱ्या मैदानावर नेता येते ते त्याचे उत्तर नव्हे. नेता येते ती निवाड्याची रीत. छेद विचारणे, नशिबाचा वाटा वजा करणे, माणसाला त्याच्या कामाच्या तागडीत तोलणे आणि आपला निवाडा तपासायला देणे ही ती रीत. परीक्षेच्या टक्केवारीवरून शाळेला, वर्षभराच्या आकड्यांवरून नोकरदाराला आणि तीन सामन्यांवरून प्रशिक्षकाला निकालात काढणाऱ्या समाजाला तिची गरज आहे.

तेव्हा हंगाम संपल्यावर वही उघडणाऱ्या आभासी व्यवस्थापकांना माझी विनंती आहे की ती बंद करू नका. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूसमोर आपली अपेक्षा लिहा, हंगामानंतर वरच्या नियमांनी निवाडा लिहा, मग झाकलेले अंक उघडा आणि आपण कुठे चुकलो ते नोंदवा. इतकी शिस्त पाळून घेतलेला आभासी हंगामाचा आढावा, केवळ गुणतक्ता पाहून लिहिलेल्या खऱ्या हंगामाच्या आढाव्यापेक्षा अधिक विश्वसनीय असतो.